दोनदा नीट, ३९८ गुण: एका घराचे जून ते नोव्हेंबर

शनिवार, १४ जून २०२५. दुपारी नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा निकाल लागला आणि रात्री साडेनऊला ताईचे वडील माझ्या दारात उभे राहिले. अंगावर अजून एसटीचा खाकी गणवेश. बार्शी-लातूर गाडीची ड्यूटी संपवून ते घरी न जाता थेट इकडे आले होते.

"सर, ताईला तीनशे अठ्ठ्याण्णव पडले. गेल्या वर्षी चारशे बासष्ट होते. वर्षभर लातूरला ठेवली, क्लासची फी भरली, आणि चौसष्ट गुण कमी झाले. आता काय करायचं?"

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. दर जूनमध्ये अशी दहा-बारा घरं माझ्याकडे येतात. त्यातलं हे एकच घर इथे सविस्तर मांडतो आहे, कारण नीट हुकलेल्या मुलांना पुढे जे जे काही दिसतं आणि जे दिसत नाही, ते जवळजवळ सगळं या पाच महिन्यांत या एका घराने पाहिलं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तिला घरात सगळे ताई म्हणतात, मीही तेच म्हणेन.

घर असं: वडील एसटीत कंडक्टर, आई घरी शिवणकाम करते, आजोबांना लोक आबा म्हणतात, अर्धांगाच्या झटक्यानंतर ते काठी घेऊन चालतात. धाकटी बहीण नुकतीच दहावी पास झालेली. वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या बरंच खाली. प्रवर्ग ओबीसी. ताईचा हा नीटचा दुसरा प्रयत्न. पहिला बारावीबरोबर, २०२४ साली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो तर तिथे पेढे होते. ताईच्या मामांनी आणलेले. निकालपत्रावर ती पात्र ठरल्याचं लिहिलेलं, तेव्हा मामांना वाटलं भाची डॉक्टर झाली. यात त्यांची चूक काहीच नाही. २०२५ला खुल्या प्रवर्गासाठी पात्रतेची रेषा १४४ गुणांवर होती आणि ओबीसी, एससी, एसटीसाठी ११३वर. देशभर बारा लाखांहून जास्त मुलं पात्र झाली. एमबीबीएसच्या जागा मात्र सरकारी, खासगी, अभिमत सगळ्या धरून सव्वा लाखाच्या आसपास. पात्र याचा अर्थ एवढाच की रांगेत उभं राहायची परवानगी मिळाली. हे मामांना समजावून सांगताना ताई आतल्या खोलीत होती आणि दार लावलेलं होतं.

मी आधी तिच्याशी बोललो, गुणांविषयी नाही. दोन दिवस ती जेवली नव्हती. मी सरळ विचारलं, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का. असं विचारायला शिक्षक घाबरतात, विचारल्याने डोक्यात नसलेलं भरवलं जाईल असं त्यांना वाटतं. माझा अनुभव असा की विचारल्यावर मूल सुटतं. ती म्हणाली, तसं नाही सर, पण कुणाला तोंड दाखवू नये असं वाटतं. मी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आईच्या आणि तिच्या, दोघींच्या मोबाइलमध्ये घालून दिला. मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आठवडाभर तिला रात्री एकटं झोपू देऊ नका, एवढं आईला सांगितलं. गुणांचं बोलणं त्यानंतर चार दिवसांनी सुरू केलं.

चौसष्ट गुण खरंच कमी झाले होते का?

सगळ्या घराने ज्या आकड्याचा धसका घेतला होता, तो आकडाच फसवा होता. २०२४चा पेपर सोपा गेला होता. त्या वर्षी पहिल्या निकालात ६७ मुलांना ७२०पैकी ७२० होते. पुढे पेपरफुटीचं प्रकरण, सर्वोच्च न्यायालय, सुधारित निकाल हे सगळं झाल्यावर ती संख्या १७वर आली. २०२५ला देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ मिळाले. भौतिकशास्त्राने त्या दिवशी भल्याभल्यांना रडवलं होतं. म्हणून दोन वर्षांचे गुण एकमेकांशेजारी ठेवून काही कळत नाही. क्रमांक ठेवावा लागतो. ताईचा २०२४चा अखिल भारतीय क्रमांक तीन लाखांच्या पुढे होता, २०२५चा सव्वादोन लाखांच्या आसपास. गुण चौसष्टने उतरले आणि मुलगी मात्र हजारो जणांच्या पुढे गेली होती. वर्षभराच्या मेहनतीचं फळ होतं ते. घरात कुणाला दिसलं नव्हतं, तिलाही नाही.

मी कागदावर हे मांडलं तेव्हा ती पहिल्यांदा सावरून बसली.

मग आम्ही तिची उत्तरपत्रिका काढली. नीटची स्कॅन केलेली ओएमआर आणि उत्तरसूची दोन्ही मिळतात, पण निकालानंतर त्या घेऊन बसणारी मुलं मी फार थोडी पाहिली. दोन संध्याकाळी गेल्या. १८० प्रश्न, बरोबरला चार, चुकीला उणे एक. हिशेब असा निघाला: जीवशास्त्राच्या ९० प्रश्नांपैकी ७२ बरोबर, १० चूक, ८ सोडलेले, म्हणजे २७८. रसायनशास्त्रात २३ बरोबर, १३ चूक, म्हणजे ७९. भौतिकशास्त्रात ४५पैकी १६ प्रश्न कोरे, १४ बरोबर, १५ चूक. गुण ४१.

मग प्रत्येक चुकीच्या उत्तरासमोर मी तिला एकच शब्द लिहायला सांगितला: घाई, तुक्का, गणित की संकल्पना. भौतिकशास्त्रातल्या पंधरा चुकांपैकी नऊ तुक्के होते, शेवटच्या दहा मिनिटांतले. घरच्यांना वाटलं, सापडलं, तुक्के मारले नसते तर झालं असतं. पण बरोबर आलेल्या चौदापैकीही तीन तुक्केच होते. तीनाचे बारा मिळाले, नऊ गेले. तुक्क्यांनी तिचं नुकसान केलं नव्हतं. खरं दुखणं सोळा कोऱ्या प्रश्नांत होतं. त्यातले अकरा तिने घरी निवांत बसूनही सोडवता आले नाहीत. विद्युतचुंबकत्व, भ्रमण गती, प्रकाशाची तरंगरूप बाजू. दोन वर्षं ती जीवशास्त्राच्या बळावर पुढे सरकत होती आणि भौतिकशास्त्र टाळत होती. क्लासच्या चाचण्यांचे एकूण गुण भिंतीवर लागायचे, विषयवार कुणी पाहायचं नाही.

तिसरा प्रयत्न

ताईला पुन्हा परीक्षा द्यायची होती. वडिलांना नको होती. आईचं म्हणणं, जे तिला हवं ते. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही आणि वयाची वरची अटही २०२२पासून उरलेली नाही, त्यामुळे नियम कुणालाच थांबवत नाही. थांबायचं कुठे हे घरानेच ठरवायचं असतं, आणि ते ठरवणं जूनमधल्या रडारडीत होत नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा एक वर्ष थांबून परीक्षा देणं बहुतेक होतकरू मुलांसाठी योग्यच. बारावी, सीईटी, प्रात्यक्षिकं यांच्या गर्दीत पहिला प्रयत्न पुरता होत नाही. दुसऱ्यानंतर मात्र नुसती इच्छा पुरेशी नाही, पुरावा हवा. सरकारी एमबीबीएसच्या जवळ जायला तिला आणखी शंभरएक गुण हवेत असा माझा अंदाज होता. जीवशास्त्रातून वीस, रसायनशास्त्रातून वीस-तीस निघाले असते. उरलेले भौतिकशास्त्रातूनच यायला हवे होते. ४१चे शंभर.

सुदैवाने वेळ होता. महाराष्ट्रात एमबीबीएस आणि बीडीएसच्या फेऱ्या जुलैच्या शेवटाकडे सुरू होतात, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी यांच्या त्यानंतर, आणि काही वर्षी त्या दिवाळीपर्यंत रेंगाळतात. हे मधले आठवडे मुलं मोबाइलकडे बघत घालवतात. आम्ही ते परीक्षेसाठी वापरले. ६ जुलै ते १७ ऑगस्ट, सात रविवार. दर आठवड्याला भौतिकशास्त्राचे दोन धडे, रविवारी सकाळी माझ्या घरी ४५ प्रश्नांची चाचणी. शेवटच्या तीन चाचण्यांची सरासरी शंभर किंवा वर आली तर तिसरा प्रयत्न, वडील क्लासची फी भरणार. नाही आली तर मिळेल त्यातलं उत्तम निवडायचं आणि मागे बघायचं नाही. हे जूनच्या शेवटच्या आठवड्यात कॅलेंडरच्या पानाच्या पाठीवर लिहिलं, खाली ताई आणि वडील दोघांनी सह्या केल्या. आधी आकडा ठरवणं माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं होतं. निकाल हातात आल्यावर ठरवायला बसलं की प्रत्येक जण आपल्याला हवा तो आकडा लावतो.

त्याच वेळी राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशाची नोंदणीही चालू ठेवली. एमबीबीएसपासून फिजिओथेरपीपर्यंत सगळ्या गटांसाठी. पुन्हा परीक्षा द्यायची आहे म्हणून अर्जच भरायचा नाही, असं अनेक मुलं करतात. मग सप्टेंबरमध्ये मन बदललं तर दार बंद झालेलं असतं.

वडिलांना कळलेला सोपा रस्ता

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वडील सोलापुरात एका हॉलमध्ये कार्यक्रमाला गेले. परदेशात एमबीबीएस. मध्य आशियातला एक देश, सहा वर्षांचं पॅकेज, भारतीय जेवण, हॉस्टेल. ताई नीट पात्र आहे म्हटल्यावर तिथल्या माणसाने लगेच हस्तांदोलन केलं. परदेशातल्या एमबीबीएससाठी नीटची पात्रता लागते आणि ती तीन वर्षं चालते, तेवढं त्याचं खरं होतं. वडिलांनी भविष्य निर्वाह निधीतून किती उचलता येईल आणि आबांच्या नावावरची दीड एकर जमीन, याचा हिशेब मनात मांडूनच माझ्याकडे आणला.

मी त्यांना नाही म्हटलं नाही. परदेशात शिकून उत्तम डॉक्टर झालेली मुलं मला माहीत आहेत. मी त्यांना चार प्रश्न लिहून दिले आणि उत्तरं कागदावर, कॉलेजच्या शिक्क्यानिशी मागून आणा म्हटलं. नोव्हेंबर २०२१च्या नियमांनंतर परदेशी पदवीला भारतात किंमत हवी असेल तर अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून असावा लागतो. त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप झालेली असावी लागते. पदवी घेतल्यावर त्या देशात त्यांच्याच नागरिकाप्रमाणे व्यवसाय करण्याचा परवाना मिळायला हवा. आणि सगळं दहा वर्षांच्या आत उरकायला हवं. परत आल्यावर ३०० गुणांची चाळणी परीक्षा, १५० मिळाले तर पास, आणि मग इथे आणखी एक वर्ष इंटर्नशिप.

पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर आलं. परवान्याच्या प्रश्नावर आधी "होतं सगळं" असं आलं, मग फोन उचलणंच बंद झालं.

चाळणी परीक्षेचं वडिलांना कुणी बोललंच नव्हतं. जून २०२४च्या सत्रात साधारण पाचातला एकच पास झाला होता. ऑगस्टमध्ये जून २०२५च्या सत्राचा निकाल आला तेव्हा शंभरात १९ जणही पास नव्हते. मी ती बातमी वडिलांना दाखवली. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, जमीन गेली असती सर. मला वाटतं जमिनीपेक्षा मोठी गोष्ट ताईची सहा-सात वर्षं होती, पण बापाला आधी जमीन दिसली तर त्यात गैर काय?

अभिमत विद्यापीठांचा विचार तर आकडा ऐकूनच संपला. महाराष्ट्रातल्या बऱ्याच ठिकाणी एमबीबीएसची वर्षाची फी वीस लाखांच्या पुढे. खासगी कॉलेजातल्या व्यवस्थापन कोट्याचंही तेच.

जी सवलत कुणी सांगितली नव्हती

याउलट एक गोष्ट त्यांच्या हक्काची होती आणि त्यांना माहीत नव्हती. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाप्रमाणे ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खासगी विनाअनुदानित कॉलेजातही. अट अशी की जागा केंद्रीभूत प्रवेश फेरीतून मिळालेली असावी. व्यवस्थापन कोटा नाही, खासगी अभिमत विद्यापीठ नाही. हॉस्टेल, मेस आणि बाकीचा खर्च घरचाच. तरी फरक पाहा. ज्या खासगी आयुर्वेद किंवा फिजिओथेरपी कॉलेजची फी ऐकून वडिलांनी मान हलवली होती, ते एकदम आवाक्यात आलं. एजंटच्या मार्फत तीच जागा घेतली असती तर माफी गेली असती.

या सवलतीला आणि प्रवर्गाच्या जागेला कागद लागतात, आणि इथेच हे घर जवळजवळ अडकलं. उत्पन्नाचा दाखला होता. नॉन क्रीमी लेयर प्रमाणपत्र ३१ मार्चला संपलेलं, ते नवीन काढलं. जात वैधता प्रमाणपत्र मात्र नव्हतं. २०२४ला एमबीबीएस मिळणार नाही म्हणून प्रवेशाकडे फिरकले नव्हते, तेव्हा वैधता राहून गेली. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा पुरावा लागतो. आबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव एका वेगळ्या वळणाने लिहिलेलं होतं. मग वडील रजा टाकून आबांच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेले. १९५०च्या दशकातलं जनरल रजिस्टर, कडा झिजलेलं, मुख्याध्यापकांनी कपाटाच्या तळातून काढून दिलं. तिथे आबांच्या वडिलांच्या नावासह स्पष्ट नोंद होती. त्या उताऱ्यावर आणि वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रावर प्रमाणपत्र मिळालं, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. अगदी काठावर.

याच निमित्ताने आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती दरवर्षी कुणाला तरी भोवते. महाराष्ट्राच्या ८५ टक्के जागांसाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. ताईच्या नात्यातला एक मुलगा क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात गेला आणि बारावीही तिथल्याच शाळेतून काढली. त्याचे गुण तिच्यापेक्षा जास्त होते. राज्याच्या यादीत तो नव्हता.

आणि एक दार माझ्यामुळे बंद झालं. पशुवैद्यकीय पदवीचे प्रवेशही नीटच्याच गुणांवर होतात, पण बाकीचे प्रवेश करणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलकडून ते होत नाहीत. नागपूरचं महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, माफसू, त्याचा वेगळा अर्ज घेतं. शिरवळ, उदगीर, परभणी ही कॉलेजं आमच्या भागाला तशी जवळची. मला हे माहीत होतं. मी दुसऱ्या यादीत लिहून ठेवलं आणि तारीख पाहायची राहिली. तिला जागा मिळालीच असती असं नाही, तिथेही चढाओढ मोठी आहे. पण अर्ज भरायला हवा होता. आता मी जूनच्या पहिल्या भेटीतच माफसूचं नाव सगळ्यात वर लिहितो.

फार्मसी, कृषी यांचा मुख्य रस्ता त्याआधीच निसटलेला. एमएचटी-सीईटी एप्रिलमध्ये झाली, ताईने दिली नव्हती. नर्सिंगची वेगळी सीईटीही निकालाआधीच उरकलेली. आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांची परीक्षाही मेमध्ये होऊन गेलेली. नीटची तयारी करणाऱ्या मुलाला या परीक्षा द्यायला लावणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, असं क्लासमध्ये बोललं जातं. दोन दिवसांच्या परीक्षेने कुणाचं लक्ष विचलित होत नाही. मी आता माझ्या वर्गात फॉर्म भरल्याची पावती मागतो.

सात रविवार संपले

५२, ६१, ४७, ६८, ७०, ६३, ७१. शेवटच्या तिन्हींची सरासरी ६८. सुधारणा होती, आणि मला वाटतं एखाद्या वर्षात ती आणखी वाढली असती. शंभर मात्र नव्हते. १७ ऑगस्टला पेपर तपासून झाल्यावर तिनेच ते कॅलेंडरचं पान काढलं, वाचलं आणि घडी घालून पुन्हा वहीत ठेवलं. रडली नाही. म्हणाली, "सर, मला वाटलं होतं मी हरले की कुणीतरी मला सांगेल. हे मीच मोजलं."

मग निवड. तिच्या क्रमांकावर खासगी बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी), फिजिओथेरपी आणि कदाचित खासगी डेंटल. मी तिला कॉलेजांच्या याद्या बघू दिल्या नाहीत. तीन ठिकाणी एकेक दिवस नुसतं बसायला पाठवलं. एक माझ्या ओळखीच्या वैद्य, एक दंतवैद्य, आणि आबांना ज्यांच्याकडे नेतात त्या फिजिओथेरपिस्ट.

वैद्यबाईंनी तिला पहिल्या वर्षाची पुस्तकं दाखवली. संस्कृत, पदार्थविज्ञान (भौतिकशास्त्र नव्हे, आयुर्वेदाचं तत्त्वज्ञान), रचना शारीर, क्रिया शारीर. बीएएमएसबद्दल मी कायम सावधपणे बोलतो, कारण आमच्याकडे बहुतेक मुलं ते एमबीबीएसची मागची खिडकी म्हणून घेतात. महाराष्ट्रात बीएएमएस झालेल्यांना कामं आहेत, हे खरंच आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांत गट ब वैद्यकीय अधिकारी, उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी, १०८ रुग्णवाहिका, खासगी इस्पितळांत रात्रपाळीचे डॉक्टर. गावोगावी लोकांचा पहिला डॉक्टर तोच असतो आणि त्यांच्याशिवाय ग्रामीण आरोग्याचा गाडा हलणार नाही. पण ज्याला चरकसंहिता उघडायचीच नाही त्याने साडेपाच वर्षं त्यात काढली की मनात खंत उरते. वैद्यबाईंनी तिला तेच विचारलं, तुला आयुर्वेद हवा आहे का? ताई खरं बोलली: मला माहीत नाही.

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ती एका दिवसासाठी गेली आणि चार दिवस जात राहिली. तिथे एक बाई महिनाभरापासून उजव्या हाताने वाटी उचलायचा प्रयत्न करत होत्या. चौथ्या दिवशी वाटी टेबलावरून बोटभर वर गेली. ताईने घरी येऊन आबांच्या डाव्या हाताचे व्यायाम करून घ्यायला सुरुवात केली. इतकी वर्षं घरात कुणी ते नियमाने केलं नव्हतं.

त्या फिजिओथेरपिस्टनी तिला पैशांचंही सांगितलं, आणि मला ते फार आवडलं. पदवीनंतर सुरुवातीचा पगार कमी असतो, इस्पितळात काही वेळा लाजिरवाणा. पुढे एमपीटी ही पदव्युत्तर पदवी केली, स्वतःचं केंद्र काढलं किंवा एखाद्या शाखेत हात बसवला तर बरं चालतं. इंटर्नशिपसह साडेचार-पाच वर्षं जातात. आणि पहिल्याच वर्षी विद्युतचिकित्सेत भौतिकशास्त्र पुन्हा भेटतं. ताईने तेही लिहून घेतलं.

वडिलांचं मन बीएएमएसवर होतं. "नावापुढं डॉक्टर लागावं, एवढंच." नेमकं त्याच महिन्यात, सप्टेंबर २०२५मध्ये, फिजिओथेरपिस्टनी नावापुढे 'डॉ.' लावू नये असं केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाचं पत्र आलं आणि लगेच मागेही घेतलं गेलं. त्या दोन दिवसांत वडिलांनी मला चार फोन केले. मी त्यांना म्हटलं, पाटीचा वाद दिल्लीत चालू राहील. आबांना विचारा, त्यांना उठवून बसवणाऱ्या बाईंना ते काय म्हणतात. आबा त्यांना पहिल्या दिवसापासून डॉक्टरीणबाई म्हणतात.

दुसऱ्या फेरीत दोन्हीकडे नाव लागलं. बीएएमएस घरापासून दीडेकशे किलोमीटरवर, फिजिओथेरपी पुणे जिल्ह्यातल्या एका खासगी कॉलेजात. मूळ कागदपत्रं एकाच ठिकाणी जमा होतात, आणि कितव्या फेरीनंतर जागा सोडता येत नाही, सोडली तर पुढच्या फेऱ्यांतून नाव जातं का, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. आम्ही ती पानं दोनदा वाचली. हातात चार दिवस होते. तिसऱ्या दिवशी रात्री घरात मोठ्याने बोलणं झालं, मी तिथे नव्हतो आणि नसायलाच हवं होतो. चौथ्या दिवशी सकाळी साडेसहाच्या गाडीने बाप-लेक पुण्याला निघाले. रिपोर्टिंग करून, स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरून, ही जागा कायम हे कळवून संध्याकाळी परत आले. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शुल्कमाफीचा अर्ज त्याच आठवड्यात भरला. तो दरवर्षी नव्याने भरावा लागतो, म्हणून वडिलांनी पुढच्या वर्षाच्या डायरीत आत्ताच लिहून ठेवलं.

नोव्हेंबरमध्ये दिवाळीनंतर ताई भेटायला आली. शरीररचनाशास्त्राच्या हाडांची पिशवी घेऊनच, कारण सोमवारी खांद्याच्या हाडांवर तोंडी होती. फोनवर ती मैत्रिणींना सांगते का की नीटमध्ये काय झालं, असं मी विचारलं. म्हणाली, विचारलं तर सांगते, क्रमांकासकट. अधूनमधून वाईट वाटतं, विशेषतः लातूरच्या मैत्रिणींचे पांढऱ्या कोटातले फोटो दिसले की. ते मी खोडून काढायला गेलो नाही.

तिच्याबरोबर धाकटीही आली होती, अकरावी विज्ञानची. तिला नीट द्यायची आहे की नाही हे अजून ठरलेलं नाही. वडिलांनी मात्र तिच्या जात वैधतेचा अर्ज कॉलेजमार्फत भरून टाकला आहे, सोबत त्या झिजलेल्या रजिस्टरचा उतारा जोडून, आणि पावतीची झेरॉक्स मला द्यायला पाठवली होती.